चुकलेली टाळी

पत्र

ताई, नमस्कार. मी २७ वर्षांचा. आम्ही लालबागला चाळीत राहतो. आजोबा गिरणीत साचेखात्यात होते, ८२ च्या संपात नोकरी गेली. बाबा एका गोदामात सुपरवायझर आहेत. मी डेटाचं काम करणाऱ्या कंपनीत आहे. ऑफिस लोअर परळला, जुन्या गिरणीच्याच आवारात. हातात ४२ हजार येतात, त्यातले २० घरी देतो.

दर शुक्रवारी ऑफिसातले सगळे त्याच आवारातल्या एका बारमध्ये बसतात. मी लिंबूसोडा घेतो, पण बिल सगळ्यांत सारखं वाटतात. कुठे राहतोस विचारलं की मी ‘लोअर परळ’ सांगतो. निघताना सगळे कॅब बोलावतात. मीही ॲप उघडून उभा राहतो आणि सगळे गेले की करी रोडच्या पुलावरून चालत घरी येतो.

गणपतीत पाच जण घरी आले होते. त्यांनी मोरीचे, गॅलरीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढले. ‘सो ऑथेंटिक’ म्हणाले. बाबा बनियनवर बसले होते. मला राग फोटो काढणाऱ्यांचा यायला हवा होता, आला बाबांचा.

मग एका मैत्रिणीने नरिमन पॉइंटच्या एनसीपीए सभागृहात सिम्फनी, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदाची मोठी रचना, ऐकायला नेलं. वाद्यं थांबली तशा मी टाळ्या वाजवल्या. तीन. अख्ख्या सभागृहात मी एकटा. ती काहीच बोलली नाही. त्यानंतर तिने दोनदा कुठे कुठे बोलावलं, मी काम आहे म्हणून टाळलं. बाबा शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे कोकणातल्या शाहिरांच्या सवाल-जवाबाच्या, सामन्याला चल म्हणतात. त्या दिवशी ते पांढरा शर्ट बाहेरून इस्त्री करून आणतात, अत्तर लावतात. मी तिकडेही जात नाही. मला नक्की काय आवडतं तेच कळेनासं झालंय. आवड बदलू, की माणसं?

— लोअर परळकर

उत्तर

अरे लोअर परळकरा,

अरे-तुरे करते, रागावू नकोस. माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे आणि तोही कुठे राहतो ते लोकांना नीट सांगत नाही.

आधी त्या तीन टाळ्यांचं बघू. तुझं मूळ पत्र चार पानी होतं आणि त्यातलं सव्वा पान नुसतं टाळ्यांवर होतं. छापताना मी ते कापलं, पण दुखणं कुठे आहे ते मला तिथेच कळलं.

१७७८ च्या जूनमध्ये पॅरिसला मोत्झार्टची एक नवी सिम्फनी वाजली. पहिल्याच भागात, वादन चालू असताना, एक जागा अशी आली की लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मोत्झार्टने वडिलांना पत्र लिहून हे मोठ्या खुशीत कळवलं. ही जागा लोकांना आवडणार हे त्याला आधीच ठाऊक होतं, म्हणून त्याने ती शेवटाकडे पुन्हा एकदा घेतली होती. कार्यक्रम संपल्यावर स्वारी आइस्क्रीम खायला गेली, तेही त्या पत्रात आहे. सिम्फनीचे बहुधा तीन-चार भाग असतात आणि दोन भागांच्या मध्ये वाद्यं थोडी थांबतात. तू टाळ्या वाजवल्यास त्या तिथे. अशा जागी टाळी वाजवायची नाही हा दंडक मोत्झार्टनंतरचा. एकोणिसाव्या शतकात तो हळूहळू रुजला आणि विसाव्या शतकात पक्का झाला. म्हणजे तू मोत्झार्टच्या काळातला श्रोता निघालास, एवढंच. आपल्याकडेही संगीत नाटकात पद रंगलं की प्रेक्षक ‘वन्स मोअर’ ओरडायचे आणि नट मारामारीचा प्रसंग सोडून पुन्हा गायला उभा राहायचा. आज कुणी ओरडलं तर पुढच्या रांगेतले मागे वळून बघतील.

नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. शांतता मलाही आवडते. पण हा नियम सुरांमधून आलेला नाही, खुर्च्यांवर बसलेल्या माणसांमधून आलाय. ज्यांना तो माहीत असतो, त्यांना तो कधी शिकल्याचं आठवतही नाही. लहानपणी आईच्या शेजारी बसून कधीतरी अंगवळणी पडलेला असतो. तुला तो २७ व्या वर्षी, सातशे-आठशे लोकांसमोर, एका सेकंदात शिकावा लागला.

माझं सांगते. १९८४ साली मी मिरजेजवळच्या एका खेड्यातून पुण्याला कॉलेजला आले. वर्गातल्या एका मैत्रिणीने सदाशिव पेठेतल्या घरी जेवायला बोलावलं. ताटं मांडलेली, कोपऱ्यात गवसणीत ठेवलेला तंबोरा. तिच्या काकांनी आमटी वाढून घेता घेता मला सहज विचारलं, ‘तुमच्याकडे कुठल्या घराण्याचं ऐकतात?’ मी तितक्याच सहज म्हटलं, ‘आम्ही पाटलांच्या घराण्यातले.’

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. काकूंनी घाईघाईने ‘अगं भात घे ना’ म्हटलं आणि काका पुढचं सगळं जेवण पावसावर बोलत राहिले. पुढे दोन वर्षं मी त्या घरी गेले नाही. मैत्रीण बोलवायची, मी ‘जर्नल पूर्ण करायचंय’ सांगायची. तुझ्या ‘काम आहे’सारखंच.

आता यातली गंमत ऐक. लहानपणी आजोबा मला मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसाला न्यायचे. तिथे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाण्याची सभा होते. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर त्या दर्ग्यातच आहे. लांबलांबून गायक-वादक येतात, हजेरी लावून जातात. तिकीट नाही, की रांग नाही. आम्ही बैलगाडीतून जायचो आणि सतरंजीच्या कडेला बसायचो. मी भाजलेल्या शेंगा खात ऐकायची आणि मग आजोबांच्या मांडीवर झोपून जायची. पहाटे कधीतरी जाग यायची तेव्हा कुणीतरी एकच स्वर धरून बसलेलं असायचं, आणि आजोबा मान हलवत असायचे. आजोबा तिसरी पास. ते जे ऐकत होते ते खाँसाहेबांच्या गायकीचं किराणा घराणं होतं, हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं, आणि मला कळलं ते वयाच्या पंचविशीत, एका मासिकातून. ज्या काकांनी मला विचारलं ते दर डिसेंबरला सवाई गंधर्व महोत्सवाला शाल-थर्मास घेऊन जाणारे. सवाई गंधर्व अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य, भीमसेन जोशी सवाईंचे, आणि तो महोत्सव भीमसेनांनीच १९५३ साली सुरू केला. त्या ताटावर बसलेल्या दोघांनी एकाच विहिरीचं पाणी प्यायलं होतं. काकांना विहिरीचं नाव ठाऊक होतं, मला नव्हतं.

तुझ्या ऑफिसातल्या लोकांकडे तुझ्यापेक्षा जास्त जे काही आहे, त्यातलं निम्मं हे असलं नाव-गाव आहे. कुठल्या बिअरला काय म्हणतात, कुठल्या नाटकाला कुठे बसतात, टाळी कधी. उरलेलं निम्मं म्हणजे बिनधास्तपणा. चुकलं तरी आपल्याला कुणी इथून उठवणार नाही ही खात्री. पहिलं निम्मं सहा महिन्यांत येतं, मी शब्द देते. दुसरं मला अजून पूर्ण आलेलं नाही. मोठ्या हॉटेलच्या दारातला माणूस अदबीने दार उघडतो तेव्हा मी अजूनही नकळत पर्स पुढे धरते, जणू तपासणीच आहे.

फ्रान्समध्ये पिएर बोर्द्यू नावाचा एक समाजशास्त्रज्ञ होऊन गेला. बाप पोस्टात नोकरीला, घर दूरच्या खेड्यात, बोली गावाकडची. हा पोरगा हुशार निघाला, पॅरिसच्या भारी कॉलेजात पोचला आणि तुझ्यासारखाच अवघडला. पुढे १९६० च्या दशकात त्याने लोकांना प्रश्नावल्या दिल्या. कुठलं संगीत ऐकता, घरात सामान कसलं, पाहुण्यांना काय वाढता. त्यात एक प्रश्न असा होता की अमुक गोष्टीचा सुंदर फोटो निघू शकतो का? मावळता सूर्य, झाडाची साल, कोबी. कष्टकरी लोकांनी सूर्याला पसंती दिली. कोबी सुंदर होऊ शकतो असं म्हणणारे बहुतेक वरच्या थरातले, शिकलेले. १९७९ साली त्याने या सगळ्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला, पण मला त्यातला कोबीच आठवतो. ज्याला भायखळ्याच्या मंडईतून कोबीचं पोतं खांद्यावर आणावं लागत नाही, त्यालाच कोबीतलं सौंदर्य निवांत बघता येतं.

तुझी मोरी आणि गॅलरीतले वाळत घातलेले कपडे हा तुझ्या पाहुण्यांचा कोबी होता. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, मोदकही त्यांनी मनापासून खाल्ले असतील. पण सकाळी पाण्यासाठी उठणारा माणूस त्या मोरीला ‘ऑथेंटिक’ म्हणत नाही. आणि तुला बाबांचा राग का आला? कारण त्या क्षणी तूही बाबांकडे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघितलंस. त्याबद्दल स्वतःला फार झोडपू नकोस. मी तर माझ्या आईला होस्टेलवर येताना नऊवारी नको, सहावारी नेस म्हणून सांगितलं होतं. तिने ऐकलं. अजून डाचतं मला ते.

आता एक गोष्ट मात्र त्या मंडळींबद्दल सरळ सांगते. पूर्वी वरच्या थरातला माणूस खालच्या थराच्या आवडीला नाक मुरडायचा. आताचा तसा नाही. तो शुक्रवारी बिअर, शनिवारी जुहूला पृथ्वी थिएटरचं नाटक, रविवारी सकाळी टपरीवरचा वडापाव, आणि रात्री लावणीचा कार्यक्रमही बघतो. त्याला सगळं आवडतं आणि सगळं आवडणं हीच त्याची नवी ऐट. पण त्याने वडापाव खाल्ला की ती रसिकता, तू खाल्लास की ती तुझी ऐपत. कोपऱ्यावरच्या परमिट रूममध्ये तुझे शेजारी बसले तर ते ‘बेवडे’, आणि गिरणीच्या उघड्या विटांखाली तुझा मॅनेजर बसला तर ते ‘अनवाइंड’ करणं. चकणा दोन्हीकडे शेंगदाण्याचाच, फक्त तिकडे तो मातीच्या वाडग्यात येतो आणि त्याचे वेगळे पैसे लावतात. आपल्याकडे वर्ग म्हटलं की जात मागच्या दाराने आत येतेच, हेही विसरू नकोस. माझ्या सदाशिव पेठेतल्या जेवणात फक्त गाण्याचा प्रश्न नव्हता.

आणि त्या उघड्या विटांबद्दल. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तुझे आजोबा त्यातले एक. त्या जमिनींवर पुढे काय उभं राहिलं ते तू रोज ऑफिसला जाताना बघतोसच. फिनिक्स मिलचा मॉल झाला. चिमणी कुठे कुठे शोभेसाठी ठेवली. आज तिथे जाऊन बसलेल्या माणसाला वाटतं की परळमध्ये ‘कल्चर’ आलं ते या बारमुळे. अरे, १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर या शाहिरांनी लालबावटा कलापथक उभं केलं ते याच वस्तीच्या जोरावर. लालबागला हनुमान थिएटर होतं, तिथे तमाशाचे फड उतरायचे. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ चं. कामगारांची नाटकं, कोकणातलं नमन, शक्ती-तुरा, सगळं तिथे व्हायचं. २०२३ मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झालं. बाहेर जायचं म्हणून चांगले कपडे घालून निघण्याची रीत तुझ्या वस्तीत त्या बारच्या किती तरी आधीपासून आहे. तुझे बाबा पांढऱ्या शर्टाला इस्त्री करून आणतात ना, ती तीच रीत.

पण थांब, इथे मला तुझी चोरी पकडायची आहे. चार पानांत तू बाबांचं अत्तर, शर्ट, सगळं लिहिलंस. शेवटच्या सामन्याला स्वतः कधी गेलास, ते लिहिलं नाहीस. मला वाटतं दहावीच्या आधी. तेव्हा ‘आपलंच भारी, त्यांचं सगळं नाटकी’ असं म्हणायची घाई करू नकोस. शक्ती-तुरा तुला खरोखर कंटाळवाणा वाटू शकतो. सिम्फनी खरोखर आवडू शकते. (तू टाळ्या वाजवल्यास त्या काही रीत म्हणून नव्हेत. आवडलं म्हणून वाजवल्यास ना? मग झालं तर.) बापाचं ते आपलं आणि मैत्रिणीचं ते परकं, अशी वाटणी आवडीची होत नसते. अवघडलेल्या माणसाला काहीच आवडत नाही, त्याचं सगळं लक्ष स्वतःच्या हातांकडे असतं. तुला काय आवडतं ते कळत नाही याचं कारण मला तरी एवढंच दिसतं.

आता पैशाचं. तू आवडीच्या नावाखाली जे लिहिलंस, त्यातलं अर्धं दुखणं निव्वळ पैशाचं आहे, आणि त्यावर उपाय आहे. लिंबूसोडा पिऊन कॉकटेलचा वाटा भरणं बंद. बिल आल्यावर हिशेब काढलास तर तू कंजूष ठरशील, म्हणून ऑर्डर देतानाच वेटरला सांग, ‘माझं वेगळं लिहा.’ हसत सांग, कारण देऊ नकोस. दर शुक्रवारी जायची गरजही नाही. महिन्यातून एकदा जा आणि तासाभराने ऊठ. लवकर उठणाऱ्याचं कुणाला काही वाटत नाही, न येणाऱ्याचं वाटतं. एखाद्या वेळी तू ठिकाण सुचव. तुझ्या घराजवळ साठ-सत्तर रुपयांत पोटभर मिळेल अशी जागा असेलच. पण तिथे नेताना गाइड होऊ नकोस. ‘ही बघा आमची खरी मुंबई’ असलं काही बोललास तर तू स्वतःच कोबी विकायला बसलास असं समज.

जिथे पैसे लागतच नाहीत तिथेही आपली माणसं जात नाहीत, हे तुला ठाऊक आहे का? जहांगीर कलादालनात १९५२ पासून कुणीही फुकट जाऊ शकतं. माझी एक नातेवाईक तीस वर्षं फोर्टात नोकरीला होती, रोज दुपारी त्याच फुटपाथवरून डबा खायला जायची. एकदाही आत गेली नाही. विचारलं तर म्हणाली, ‘आत काय विचारतील कुणाला ठाऊक.’ कुणी काही विचारत नाही. तू एखाद्या दुपारी एकटा जा. चित्र कळलं नाही तर पुढच्या चित्राकडे जा. सोबत कुणी नसताना चुकायची सवय कर, म्हणजे सोबत असताना घाम फुटत नाही. सिम्फनीचंही तसंच. आत शिरताना जो कागद देतात त्यात किती भाग आहेत ते लिहिलेलं असतं, ते मोजत जा. आणि मोजायचं विसरलास तर समोर उभा असलेला संचालक हात पूर्ण खाली सोडून वळेपर्यंत थांब. मी तर शेजारच्याच्या हातांकडे बघते. इतकी वर्षं झाली.

उरली ती मैत्रीण. ‘ती काहीच बोलली नाही’ असं लिहून तू पूर्णविराम दिलास आणि त्या गप्प बसण्यात सगळा तुच्छपणा स्वतःच भरलास. आमच्या काकूंनी भात वाढला तोही मी असाच वाचला होता. दोन वर्षांनी मैत्रिणीने सांगितलं, काका त्या रात्री काकूंना म्हणाले होते, ‘मी उगाच शिष्टपणा केला पोरीशी.’ तुझ्या मैत्रिणीने त्यानंतर तुला दोनदा बोलावलं आहे. एकदा बोलावणं शिष्टाचार असेल, पण दुसऱ्यांदा कुणी शिष्टाचार म्हणून बोलावत नाही. तिला भेट आणि सांग की मला टाळी कधी वाजवायची ते माहीत नव्हतं आणि मी लाजलो म्हणून टाळत होतो. करी रोडच्या पुलाचंही सांग. यावर ती हसली, तर कशी हसली ते बघ. तेवढ्यावरून तुला पुढचं कळेल.

तिला सामन्याला न्यायचं का, असं तू शेवटच्या पानावर विचारलं होतंस. ने, पण आधी एकदा तू एकटा बाबांबरोबर जा. शाहीर गणाला उभा राहिला की कुठे गप्प बसायचं, सवाल पडला की कुठे ओरडायचं, तुऱ्यावाले शिवाची बाजू घेतात आणि शक्तीवाले पार्वतीची, हे बाबांना विचार. त्यांना तीस वर्षांत कुणी विचारलेलं नसेल. मग तिला ने आणि तिच्या कानात भाषांतर करत बसू नकोस. तिथे चुकीच्या जागी टाळी वाजवायची पाळी तिची. बाबांच्या शेजारी तिला बसव, तू पलीकडे बस.

पुढचा सामना मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात आहे असं लिहिलंयस. शेवटची लोकल चुकली तर त्या रात्री खरोखरची कॅब करायला हरकत नाही, तिघांत परवडते. तिकिटं मात्र आधी काढ. दोन काढायची की तीन, ते तुझं तू बघ.

तुझी,
ताई